केनेडी आडनाव: आयरिश की स्कॉटिश, आणि ते ठरवावे कसे?

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या यजमानांचे आडनाव केनेडी असून त्यांचे कुटुंब अनेक पिढ्यांपासून कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात आहे. सासरे म्हणतात की आपण आयरिश, आणि तेही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या घराण्यातले. आत्येसासूबाई मात्र आपण स्कॉटिश असल्याचे ठामपणे सांगतात आणि पुरावा म्हणून दिवाणखान्यातील डॉल्फिनचे मानचिन्ह दाखवतात. घरात पक्की माहिती एवढीच की मूळ पुरुष १८४७ च्या सुमारास आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर भागातून सपत्नीक आला आणि तो प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा होता. मुलीच्या वंशवृक्षात काय लिहावे, आणि मुंबईचा केनेडी ब्रिज यांच्यापैकीच कोणाच्या नावाचा आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी वंशावळींचे काम करतो आणि ब्रिटिश बेटांमधील आडनावांविषयीचे बहुतेक प्रश्न माझ्याकडे याच स्वरूपात येतात. "हे आडनाव कोणत्या देशाचे?" असे विचारले की उत्तर "दोन्ही देशांचे" असेच येते आणि त्याचा तुम्हाला काहीही उपयोग होत नाही. खरा प्रश्न आहे तो असा, की हे एक विशिष्ट कुटुंब समुद्र ओलांडण्यापूर्वी कोणत्या परगण्यात राहत होते आणि कोणत्या चर्चमध्ये जात होते. आपल्याकडे जाधव आडनावाचा प्रत्येक माणूस सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवरावांचा वंशज नसतो, हे आपण सहज मान्य करतो; परदेशी आडनावाच्या बाबतीत मात्र नाव जुळले की घराणे जुळले, असे मानण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. त्यामुळे प्रथम या आडनावाचे उगम कोणते ते सांगतो आणि मग तुमच्या घराकडे वळतो.

आयर्लंडमधील उगम जास्त स्पष्ट आहे. १०१४ साली क्लॉनटार्फच्या लढाईत मारला गेलेला प्रसिद्ध राजा ब्रायन बोरू याच्या वडिलांचे नाव केनेटिग होते. ब्रायनचा भाऊ डॉन क्वान याच्या मुलालाही आजोबांचे हेच नाव मिळाले, आणि त्या मुलाच्या वंशजांनी "ओ केनेडी", म्हणजे केनेडीचे वंशज, असे आडनाव धारण केले. येथे एक बारकावा आहे. ब्रायनचे स्वतःचे वंशज ओब्रायन झाले. केनेडी हे त्याच्या भावाच्या शाखेतले, त्यामुळे "आम्ही ब्रायन बोरूचे वंशज" असे जे केनेडी सांगतात त्यांनी खरे म्हणजे "त्याच्या भावाचे" असे म्हणायला हवे. या मूळ व्यक्तिनामातील पहिल्या भागाचा अर्थ डोके असा आहे. दुसऱ्या भागाचा अर्थ कोणी कुरूप असा लावतात, तर कोणी शिरस्त्राणाशी जोडतात. आयर्लंडमधील ऑर्मंड प्रदेशाच्या ओ केनेडींच्या ढालीवर तीन शिरस्त्राणे आहेत, यावरून त्यांना स्वतःला कोणता अर्थ अधिक आवडत होता हे दिसते.

हे घराणे मूळचे पूर्व क्लेअरमधील किलालूच्या परिसरातले. पुढे ते शॅनन नदी ओलांडून उत्तर टिपरेरीत आले आणि कित्येक शतके ऑर्मंडचे अधिपती म्हणून नांदले. त्यांच्या वैभवाची एक वस्तू आजही डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात पाहता येते. स्टो मिसल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन प्रार्थनापोथीसाठी बनवलेली ही धातूने मढवलेली पेटी आहे. चौदाव्या शतकात तिचे नूतनीकरण झाले तेव्हा तिच्यावर ऑर्मंडचा राजा फिलिप ओ केनेडी आणि त्याची पत्नी आन्या यांच्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती कोरली गेली. फिलिप १३८१ साली वारला. अठराव्या शतकात ही पेटी पोथीसह टिपरेरीतील लॅकीन किल्ल्याच्या भिंतीत दडवलेली सापडली, आणि तो किल्लाही ओ केनेडींचाच होता. वंशावळीच्या कामात आडनाव, स्थळ आणि वस्तू अशी तिन्ही एका जागी जुळणे फार दुर्मीळ असते, म्हणून याचा मी मुद्दाम उल्लेख केला.

स्कॉटलंडमधील केनेडी वेगळे आहेत. नैर्ऋत्य स्कॉटलंडमध्ये, आजच्या एअरशायरच्या दक्षिण भागात, कॅरिक नावाचा प्रदेश आहे. तेथे आणि शेजारच्या गॅलोवेमध्ये बाराव्या शतकापासून हे नाव कागदपत्रांत दिसते. तेराव्या शतकात कॅरिकच्या अर्लने रोलंड नावाच्या आपल्या आप्ताला कुळाच्या प्रमुखपदाची सनद दिली, आणि १३७२ साली राजा दुसरा रॉबर्ट याने ती डनयूरच्या जॉन केनेडीच्या नावे कायम केली. त्यानंतर या घराण्याचा उत्कर्ष वेगाने झाला. डनयूरच्या जेम्स केनेडीचा विवाह राजा तिसरा रॉबर्ट याच्या मेरी नावाच्या मुलीशी झाला. त्यांचा एक मुलगा पहिला लॉर्ड केनेडी झाला. दुसरा, जेम्स, सेंट अँड्र्यूजचा बिशप झाला आणि त्याने १४५० साली तेथे सेंट साल्व्हेटर्स कॉलेजची स्थापना केली, जे आजही त्या विद्यापीठाचा भाग आहे. १५०९ साली घराण्याला कॅसिलिसचे अर्लपद मिळाले. त्या मुलखात कोणालाही राहायचे असेल तर केनेडींची मर्जी सांभाळावी लागते, अशा अर्थाचे एक जुने लोकगीत आहे, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. १५७० साली चौथ्या अर्लने क्रॉसरेग्युअल मठाचा कारभारी ॲलन स्टुअर्ट याला डनयूरच्या किल्ल्यात नेऊन, मठाच्या जमिनी आपल्या नावे करून देईपर्यंत आगीवर भाजले होते. नामांकित पूर्वजांची यादी करताना ही पानेही वगळू नयेत असे माझे मत आहे. याच घराण्याच्या दहाव्या अर्लसाठी रॉबर्ट ॲडम या वास्तुरचनाकाराने अठराव्या शतकाच्या अखेरीस समुद्रकाठच्या कड्यावर कलेन किल्ला नव्याने रचला. तो १९४५ पासून नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे आहे आणि कोणालाही पाहता येतो.

ही दोन्ही घराणी मुळात एकच होती का, असा प्रश्न येथे साहजिकच येतो. नावाचे मूळ एकच आहे, कारण मध्ययुगात कॅरिक आणि गॅलोवे हे गेलिक भाषा बोलणारे प्रदेश होते आणि हे व्यक्तिनाम गेलिक जगात दोन्ही किनाऱ्यांवर ठेवले जाई. कॅरिकमधील गेलिकचा अभिमान दीर्घकाळ टिकला होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस वॉल्टर केनेडी या कवीने विल्यम डनबार या कवीशी झालेल्या काव्यमय भांडणात, गेलिक हीच सर्व खऱ्या स्कॉटिश माणसांची भाषा असायला हवी, असे ठणकावून सांगितले होते. परंतु एकच व्यक्तिनाम दोन वेगळ्या पूर्वजांना असणे आणि त्यांच्यापासून दोन वेगळी आडनावे निर्माण होणे यात काहीही अवघड नाही, आणि मी माझ्या कामात या दोन घराण्यांना स्वतंत्रच धरतो. शिवाय स्कॉटलंडच्या उत्तर भागात, लोखाबर परिसरात, कॅमेरॉन कुळाच्या आश्रयाने राहणारे केनेडीही होते. ब्रिटनमधील लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते चार्ल्स केनेडी हे त्याच हायलँड मुलखातले, फोर्ट विल्यमजवळचे होते.

आता तुमच्या घराचा खरा धागा, म्हणजे अल्स्टर. स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्यामधील समुद्र सर्वांत अरुंद जागी सुमारे २० किलोमीटरच आहे, आणि तो ओलांडून लोक दोन्ही दिशांना सतत ये-जा करीत आले. पण मोठा लोंढा आला तो सतराव्या शतकात. १६०६ पासून ह्यू माँटगोमेरी आणि जेम्स हॅमिल्टन या दोन एअरशायरच्या माणसांनी डाउन परगण्यात आपल्या मुलखातील कुळे नेऊन वसवली, आणि लगेचच राजा जेम्सने अल्स्टरच्या इतर सहा परगण्यांत वसाहतीची योजना राबवली. केनेडींचा बालेकिल्ला असलेल्या एअरशायरमधून अँट्रिम आणि डाउनकडे गेलेल्या शेतकऱ्यांत या आडनावाची माणसे असणे अगदी स्वाभाविक होते. ही मंडळी प्रेस्बिटेरियन पंथ आपल्याबरोबर घेऊन गेली. म्हणून अल्स्टरमधून आलेले प्रेस्बिटेरियन केनेडी कुटुंब मुळात स्कॉटिश असण्याचा संभव बराच जास्त आहे, आणि तरीही त्या कुटुंबाने १८४७ पर्यंत आयर्लंडमध्ये दोनशे वर्षे काढलेली असू शकतात. तुमच्या सासऱ्यांचे आणि आत्येसासूबाईंचे म्हणणे एकाच वेळी खरे ठरू शकते ते असे.

"संभव" हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला, कारण पंथ हा चांगला सुगावा असला तरी निर्णायक पुरावा नव्हे. ऑन्टारिओतीलच उदाहरण देतो. तेथील ग्लेनगॅरी काउंटीत स्कॉटलंडच्या हायलँडमधून आलेल्या कॅथलिकांची मोठी वस्ती झाली आणि त्यांत केनेडीही होते. त्यामुळे "कॅथलिक म्हणजे आयरिश" हे समीकरण तेथे सपशेल चुकते. उलट दिशेनेही, मूळच्या आयरिश घराण्यातील माणसे विवाहामुळे किंवा जमिनीसाठी प्रोटेस्टंट झाली. आडनावाच्या बाबतीतही असेच आहे: प्रबळ जमीनदाराचे आडनाव कुळांनी किंवा आश्रितांनी उचलल्याची उदाहरणे स्कॉटलंडमध्ये मुबलक आहेत, म्हणजे कॅरिकमधील प्रत्येक केनेडीच्या अंगात अर्लचे रक्त होते असेही नाही.

राष्ट्राध्यक्षांशी असलेल्या नात्याबद्दल स्पष्टच सांगायला हवे. जॉन केनेडी यांचे पणजोबा पॅट्रिक केनेडी हे १८२३ साली जन्मलेले, आग्नेय आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातील, न्यू रॉस गावाजवळच्या डंगनस्टाउनचे शेतकरी कुटुंबातले कॅथलिक गृहस्थ. मोठ्या दुष्काळाच्या काळात, १८४० च्या दशकाच्या अखेरीस ते बॉस्टनला गेले, तेथे त्यांनी पिंपे बनवण्याचा व्यवसाय केला, आणि १८५८ साली ते वारले. त्याच वर्षी जन्मलेला त्यांचा मुलगा पॅट्रिक जोसेफ मद्यव्यवसायातून राजकारणात शिरला. त्याचा मुलगा जोसेफ ब्रिटनमध्ये अमेरिकेचा राजदूत झाला, आणि नातवंडांत जॉन, रॉबर्ट आणि एडवर्ड. जॉन केनेडी जून १९६३ मध्ये डंगनस्टाउनच्या त्या शेतघरी जाऊन आप्तांना भेटून आले. परगणा वेगळा, पंथ वेगळा, बंदर वेगळे. तुमच्या कुटुंबाचा या शाखेशी संबंध असल्याचा एकही दुवा तुम्ही दिलेल्या माहितीत नाही, आणि अशा कथा बहुतेक घरांत १९६० नंतरच जन्माला आलेल्या मला आढळतात. सासऱ्यांना हे सांगताना त्यांचे मन दुखावणार नाही अशा बेताने सांगावे, कारण त्यांच्या कथेतील आयर्लंडचा भाग खरा आहे.

भिंतीवरच्या मानचिन्हाचेही तेच. डॉल्फिन आणि त्याखालचे, शेवटाचा विचार कर, अशा अर्थाचे फ्रेंच ब्रीद हे कॅसिलिस घराण्याच्या प्रमुखाचे आहे. स्कॉटलंडच्या कायद्यानुसार मानचिन्ह हे आडनावाचे नसते, ते एका व्यक्तीचे असते, आणि एडिनबरा येथील लॉर्ड लायनचे न्यायालय त्याची नोंद ठेवते. कुळाविषयी आपुलकी म्हणून ते चिन्ह पट्टा आणि बकल यांच्या वर्तुळात बसवून वापरण्याची रीत आहे, त्यामुळे आत्येसासूबाईंनी ते लावले यात गैर काही नाही. परंतु ते आडनाव पाहून दुकानातून विकत मिळते, म्हणून वंशाचा पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

मुंबईच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ग्रँट रोडजवळ रेल्वेमार्गावरचा केनेडी ब्रिज ब्रिटिश काळातला आहे, त्यामुळे राष्ट्राध्यक्षांशी त्याचा संबंध नाही. मुंबईशी नाते असलेले केनेडी मात्र अनेक होऊन गेले आणि त्यांच्याकडे पाहिले की या आडनावाच्या शाखा किती वेगवेगळ्या आहेत ते कळते. जॉन पिट केनेडी हे १७९६ साली अल्स्टरच्या डॉनेगल परगण्यात, एका अँग्लिकन धर्मगुरूच्या घरी जन्मले, म्हणजे पंथाने ना कॅथलिक ना प्रेस्बिटेरियन. लष्करी अभियंते म्हणून ते हिंदुस्थानात आले, सिमल्याकडून तिबेटच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याचे काम त्यांनी हाती घेतले, आणि पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वसूरी कंपनीचे, ते व्यवस्थापकीय संचालक झाले.

मराठी वाचकाला त्याहून जवळचे आहेत ते व्हॅन्स केनेडी. ते १७८४ साली एअरशायरमध्ये पिनमोरच्या केनेडी घराण्यात जन्मले, आणि या घराण्याचे कॅसिलिसच्या अर्लशी नाते होते. एअर या गावची बँक बुडाल्याने वडिलांना पिनमोरची मालमत्ता विकावी लागली. १८०० साली हा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत कॅडेट म्हणून मुंबईला निघाला. पुढे शिरूर येथील तैनाती फौजेत त्यांनी फारसी दुभाष्याचे काम केले, १८१७ पासून ते मुंबई फौजेचे जज ॲडव्होकेट जनरल होते, आणि १८२४ साली त्यांचा मराठी-इंग्रजी व इंग्रजी-मराठी शब्दकोश मुंबईत प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थचा कोश त्यानंतर सात वर्षांनी आला. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १८४६ साली ते वारले. त्यांच्या पहिल्या नावाकडे विशेष लक्ष द्यावे: व्हॅन्स हे त्यांच्या आईच्या माहेरचे आडनाव. स्कॉटिश घरांत आईचे माहेरचे आडनाव मुलाचे पहिले किंवा मधले नाव म्हणून ठेवण्याची पद्धत होती, आणि तुमच्या वंशवृक्षात एखाद्या पूर्वजाचे मधले नाव आडनावासारखे वाटत असेल तर ते वाया घालवू नका. पणजी किंवा खापरपणजीचे माहेर अनेकदा तेथेच सापडते.

आता शोधाची दिशा. प्रसिद्ध पूर्वजाकडून खाली येऊ नये. स्वतःकडून एकेक पिढी वर जावे. ऑन्टारिओत जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नागरी नोंदणी १ जुलै १८६९ पासून सुरू झाली, आणि विवाहनोंदीत वधूवरांची जन्मस्थळे आणि त्यांच्या आईवडिलांची नावे येतात. मूळ पुरुषाच्या सर्व मुलांच्या विवाहनोंदी काढा, केवळ तुमच्या थेट पूर्वजाची नव्हे. कारण थोरला मुलगा आयर्लंडमध्ये जन्मलेला असेल तर त्याच्या नोंदीत परगण्याचे नाव मिळण्याची शक्यता असते, जी धाकट्याच्या नोंदीत नसते. त्यानंतर १८७१ ची जनगणना पाहा. तिच्यात धर्मपंथ आणि वांशिक मूळ असे दोन्ही रकाने आहेत, आणि आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाने तेथे "स्कॉच" असे सांगितले असेल तर त्या कुटुंबाची स्वतःबद्दलची समजूत त्याच काळातली असल्याचे कळते. थडग्यावरचा शिलालेख आणि स्थानिक वृत्तपत्रातील मृत्युलेख हे तर अवश्य पाहावेत. उत्तर आयर्लंडमधून आलेल्यांच्या थडग्यांवर परगण्याचे, कधीकधी गावाचेही नाव कोरलेले असते. जहाजांच्या प्रवासी याद्यांच्या मागे मात्र वेळ घालवू नका. कॅनडात येणाऱ्यांच्या याद्या १८६५ पूर्वी पद्धतशीरपणे जपलेल्या नाहीत.

परगणा कळला की मग आयर्लंड. तेथे कॅथलिकेतर विवाहांची नागरी नोंद १ एप्रिल १८४५ पासून आहे, आणि त्यात दोघांच्या वडिलांची नावे व व्यवसाय असतात. तुमच्या मूळ दांपत्याचे लग्न या तारखेनंतर आणि निघण्यापूर्वी झाले असेल तर एक पिढी अलगद हाती लागते. त्याआधी झाले असेल तर त्या गावच्या प्रेस्बिटेरियन मंडळीची नोंदवही पाहावी लागेल, आणि त्यांपैकी बऱ्याच वह्यांच्या प्रती बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेखागारात आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आयरिश जनगणना बहुतांश नष्ट झाली, कारण जून १९२२ मध्ये यादवी युद्धाच्या प्रारंभी डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील अभिलेखागार जळाले. तिची जागा काही अंशी १८२३ ते १८३७ च्या दरम्यानच्या धर्मकराच्या याद्या आणि १८४७ ते १८६४ मधील ग्रिफिथचे जमीन-मूल्यांकन भरून काढते. मूल्यांकनात तुमचा माणूस नसेल, कारण तो निघून गेला. पण त्याचा भाऊ किंवा वडील त्याच शेतावर दिसू शकतात.

त्याच्या मागे, अल्स्टरमधून स्कॉटलंडपर्यंत कागदाने पोहोचणे सामान्य शेतकरी कुटुंबाला क्वचितच साधते. १६३० मधील अल्स्टरच्या शस्त्रधारी पुरुषांच्या यादीत केनेडी सापडला तरी त्याला १८०० मधील केनेडीशी जोडणारा कागद बहुधा नसतो, आणि तेथे मी अशिलांना थांबायला सांगतो. या टप्प्यावर वाय-डीएनए चाचणी उपयोगी पडते. ही चाचणी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राची असल्याने ती यजमानांनी, सासऱ्यांनी किंवा त्यांच्या भावाने करावी लागेल. तुमच्या मुलीची चालणार नाही. ब्रायन बोरूच्या गोतावळ्यातील घराण्यांमध्ये एल-२२६ ही जनुकीय खूण मोठ्या प्रमाणात आढळते. ती मिळाली तर पारडे टिपरेरीकडे झुकेल. न मिळाल्यास टिपरेरीची शक्यता कमी होईल, पण तेवढ्यावरून स्कॉटलंड सिद्ध होणार नाही. त्यासाठी एअरशायरच्या केनेडींशी प्रत्यक्ष जुळणी दिसायला हवी. मधे कोठे दत्तक किंवा नावबदल झालेला असेल तर निकाल भलतीकडेच नेऊ शकतो, हेही चाचणीचे पैसे भरण्यापूर्वी घरात सर्वांना सांगून ठेवावे.

तोपर्यंत मुलीने तक्त्याच्या सर्वांत वरच्या चौकटीत मूळ पुरुषाचे नाव, "जन्म अल्स्टर, आयर्लंड, पंथ प्रेस्बिटेरियन, ऑन्टारिओत आगमन १८४७ च्या सुमारास" एवढेच लिहावे आणि त्यावरची चौकट रिकामी ठेवावी. मूळ पुरुषाच्या मुलांची नावे जन्मक्रमाने आणि ते कुटुंब ज्या गावात स्थायिक झाले त्याचे नाव तुम्ही येथे दिलेत तर पुढचे सांगता येईल, कारण जुन्या स्कॉटिश रिवाजात थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देत, आणि आयर्लंडमधील नोंदवहीत अनेक जॉन केनेडी समोर आले की त्यांतून आपला कोणता हे निवडायला तो क्रम कामी येतो.